वाऱ्याच्या दिवशी घराबाहेर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

थंडी ओसरू लागली, ऊन जरा रेंगाळू लागले की पाय घरात ठरत नाहीत. नेमक्या त्याच दिवसांत वारा मात्र असा सुटतो की हौसेने बाहेर पडलेला माणूस तासाभरात वैतागून परत फिरतो. वसंताच्या आरंभीचा असा एखादा दिवस घराबाहेर कसा काढावा, याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे जेथे लांबली होती तेथे प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न: सकाळी खिडकीतून पाहावे तर काडीही हलत नसते. सगळी आवराआवर करून आम्ही अकराच्या सुमारास निघतो आणि दुपारी मोकळ्या माळावर पोहोचतो न पोहोचतो तोच सोसाट्याचा वारा सुरू होतो. संध्याकाळी घरी परतावे, तर पुन्हा सगळे शांत. हा योगायोग आमच्याच वाट्याला का येतो?

उत्तर: हा योगायोग नाही आणि तो केवळ आपल्या वाट्याला येतो असेही नाही. रात्रभर जमीन निवते आणि तिला लागून असलेली हवाही थंड व जड होऊन खाली बसून राहते. काही शे मीटर उंचीवर वारा जोरात वाहत असला, तरी तो या जड थरावरून घसरत पुढे निघून जातो आणि खाली त्याचा मागमूस लागत नाही. सूर्य वर चढला की जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर उठते आणि तिची जागा घ्यायला वरची वेगवान हवा खाली उतरते. ती वरचा वेग बरोबर घेऊनच येते, म्हणून दुपारचा वारा संथपणे न वाहता झोतांनी येतो. ही घुसळण साधारणपणे दुपारी सर्वांत जोरात असते. सूर्य कलला की ती मंदावते आणि सूर्यास्ताच्या सुमारास वारा पडतो.

हे वर्षभरच घडत असते, पण वसंताच्या आरंभी त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. हिवाळ्यात ध्रुवाकडच्या प्रदेशात साठलेली थंडी अजून हटलेली नसते आणि विषुववृत्ताकडचा भाग मात्र झपाट्याने तापू लागलेला असतो. तापमानातील ही तफावत जितकी मोठी, तितका हवेच्या दाबातील फरक मोठा आणि वरच्या थरांतील वारा तितकाच वेगवान. म्हणजे वर जोराचा वारा आहे आणि तो खाली ओढून आणण्याइतकी उन्हाची ताकदही आता आलेली आहे, अशी दुहेरी गाठ या दिवसांत पडते. ऐन हिवाळ्यात यातले पहिले असते पण दुसरे पुरेसे नसते. भर उन्हाळ्यात नेमके उलटे. त्यातच समशीतोष्ण प्रदेशांत झाडे अजून निष्पर्ण असतात, त्यामुळे एरवी पानांच्या गर्दीत अडणारा वारा थेट जमिनीपर्यंत येतो.

यातून दिवसाची आखणी आपोआप ठरते. माळ, टेकडीचा माथा, तळ्याचा काठ अशा उघड्या जागा सकाळी दहाच्या आत उरकाव्यात; दुपारी झाडीत, दरीच्या आतल्या बाजूला किंवा वस्तीच्या आडोशाने फिरावे; आणि वेळ उरला तर सूर्य कलल्यावर पुन्हा मोकळ्यावर यावे. आपण याच्या बरोबर उलट क्रमाने जात आहात. एवढी एक अदलाबदल केलीत, तरी दिवसाचा रंग पालटेल.

प्रश्न: हवामानाच्या अंदाजात 'वारा ताशी 30 किलोमीटर, झोत 50' असे काहीसे लिहिलेले असते. यावरून जावे की न जावे, हे सामान्य माणसाने कसे ठरवावे?

उत्तर: पहिला आकडा सरासरीचा असतो आणि तो मोकळ्या जागेत जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो. आपल्या डोक्याच्या उंचीवर, त्यातही घरे-झाडे असलेल्या भागात, वारा त्याहून बराच कमी लागतो. दुसरा आकडा क्षणभर येणाऱ्या झोताचा. बाहेर पडणाऱ्याने या दुसऱ्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. कारण माणसाचा तोल जातो तो झोताने, सरासरीने नव्हे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हेही ध्यानात ठेवावे. ताशी 25 वरून वारा 50 वर गेला, तर अंगावर येणारा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो.

आकडे हाताशी नसतील तर डोळे पुरेसे आहेत. ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी 1805 मध्ये जहाजांसाठी वाऱ्याची एक श्रेणी तयार केली. पुढे विसाव्या शतकात तिला जमिनीवरची लक्षणे जोडली गेली. त्या श्रेणीत चौथ्या पायरीला, म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटरला, धूळ व कागदाचे कपटे उडतात. सहाव्या पायरीला, ताशी 39 ते 49 ला, मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालू लागतात आणि छत्री सांभाळणे जड जाते. सातवीला, ताशी 50 ते 61 ला, अख्खी झाडे हेलकावतात आणि वाऱ्याच्या तोंडावर चालणे कष्टाचे होते. आठवीला, ताशी 62 ते 74 ला, डहाळ्या मोडून पडू लागतात. मधली पाचवी पायरी मी मुद्दाम गाळली आहे, कारण तिची खूण 'पानांनी भरलेली लहान झाडे डोलतात' अशी आहे आणि आपल्या प्रश्नातील दिवसांत अनेक ठिकाणी झाडांवर पानेच नसतात. अशा वेळी पाहण्यापेक्षा ऐकणे बरे: तारांची शीळ ऐकू येऊ लागली की सहावी पायरी गाठली, असे समजावे.

माझ्या मते पाचवीपर्यंत कोणीही निःशंक जावे, सहावीला मार्ग विचारपूर्वक निवडावा, सातवीला झाडीत शिरू नये आणि आठवीला घरीच बसावे. विशेषतः हिवाळ्यातील पावसाने किंवा वितळलेल्या बर्फाने जमीन भिजलेली असेल, तर मुळांची पकड सैल झालेली असते. पाने नसल्यामुळे झाडावर रेटा कमी पडतो खरा, पण वाळलेली फांदी सुटायला तो पुरतो.

प्रश्न: मी आणि माझा मित्र सुट्टीच्या दिवशी सायकलने लांब जातो. वारा असेल तर जाताना पाठीवर घ्यावा की येताना, यावर आमचा नेहमी वाद होतो. शिवाय वारा एका बाजूला जेवढा नडतो तेवढाच दुसऱ्या बाजूला मदत करतो, म्हणजे हिशेब शेवटी सारखाच, असे मित्राचे म्हणणे आहे.

उत्तर: हिशेब सारखा होत नाही. एक सोपे उदाहरण घेऊ. वारा नसताना आपण ताशी 20 किलोमीटरने जाता आणि 10 किलोमीटर जाऊन तेवढेच परत येता, म्हणजे एकूण 60 मिनिटे लागतात. आता समोरच्या वाऱ्यामुळे वेग 15 वर आला आणि पाठीमागच्या वाऱ्यामुळे 25 वर गेला, असे धरा. जाताना 40 मिनिटे, येताना 24; बेरीज 64. वारा जितका वाढेल तितकी ही तूट वाढत जाते, कारण नडणाऱ्या वाऱ्यात आपण जास्त वेळ घालवतो आणि मदतीच्या वाऱ्यात कमी. त्यातच हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या तुलनेत फारच झपाट्याने वाढते, त्यामुळे समोरच्या वाऱ्यात नेहमीचा वेग टिकवण्याचा हट्ट धरणारा सायकलस्वार अर्ध्या वाटेतच गळपटतो. अशा वेळी गिअर उतरवावा आणि वेगमापकाकडे पाहू नये.

आता वादाचा निकाल. वारा वाहील तशी पाठ द्यावी, असे आपण म्हणतो. सायकलच्या फेरीत मात्र सुरुवातीला नेमके याच्या विरुद्ध वागावे. अंगात दम असताना वारा तोंडावर घ्यावा आणि थकल्यावर पाठीवर. पाठीमागचा वारा फसवा असतो, कारण तो जाणवतच नाही. आज आपल्याला चांगलीच गती आली आहे असे वाटत माणूस घरापासून फार लांब जातो आणि वळल्यावर त्याला खरी परिस्थिती कळते. तोवर दुपार झालेली असते आणि वारा आणखी चढलेला असतो. शिवाय घामेजल्या अंगाने वाऱ्याच्या तोंडावर परत येणे म्हणजे हुडहुडीला निमंत्रण. फक्त सकाळी फारसा वारा नसतो हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. म्हणून खिडकीबाहेर काय दिसते त्यापेक्षा दुपारचा अंदाज कोणत्या दिशेचा आहे, ते पाहून मार्ग ठरवावा.

दिशा वाचताना एक घोळ अनेकांचा होतो. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. नकाशावरील बाण मात्र बहुधा वारा जिकडे चालला आहे तिकडे रोखलेला असतो. दोन मित्रांत एकाने शब्द वाचला आणि दुसऱ्याने बाण पाहिला, तर वाद व्हायचाच. आडव्या वाऱ्याचाही विचार करावा. झाडांची रांग, भिंत किंवा मोठे वाहन यांच्या आडून बाहेर पडताना तो एकदम धक्का देतो, तेव्हा हँडल घट्ट आवळून न धरता सैल पण सावध हातांनी धरावे आणि रस्त्याच्या कडेपासून थोडे अंतर ठेवावे.

प्रश्न: माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. रोज फिरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमच्या वसाहतीत उंच इमारती आहेत आणि वाऱ्याच्या दिवशी त्या एका कोपऱ्यावर दोनदा पडता पडता वाचल्या. त्यांना घरी थांबवणे योग्य होईल का?

उत्तर: त्यांना थांबवू नका, तो कोपरा टाळा. उंच इमारतीवर आदळलेला वारा अडून राहत नाही. त्यातला बराच भाग तिच्या अंगावरून खाली उतरतो आणि तळाशी येऊन दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांवरून जोराने निसटतो. दोन इमारतींमधल्या बोळातही तसेच घडते. म्हणून सगळीकडे बेताचा वारा असताना एखाद्या कोपऱ्यावर पदर सावरता येऊ नये इतका झोत लागतो. अशा जागा ठरलेल्या असतात आणि रोज फिरणाऱ्याला त्या माहीतही होतात. सासूबाईंच्या फेरीचा मार्ग कमी उंचीच्या घरांच्या बाजूने किंवा दाट कुंपणाच्या आडोशाने बदलून पाहावा. कुंपणाचा आडोसा भिंतीपेक्षा पुष्कळदा बरा असतो: सलग भिंतीमागे वारा उसळून भोवरे तयार होतात, तर झुडपांच्या कुंपणातून थोडा वारा गाळून पुढे जातो आणि त्याचा जोर मोडतो. कुंपणाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत हा आडोसा जाणवतो, म्हणजे दीड मीटरचे कुंपण असेल तर पंधरा मीटरपर्यंत.

सकाळची वेळ ठेवावी, छत्री घरीच ठेवावी आणि बरोबर चालणाऱ्याने वारा येतो त्या बाजूला राहावे. डोळ्यांतून पाणी येते अशी त्यांची तक्रारही पत्रात आहे. वाऱ्याने डोळ्यांवरचा ओलावा भराभर उडतो आणि कोरड्या पडलेल्या डोळ्यांना चुरचुर सुटून पाणी वाहू लागते. साधा, बाजूंनी थोडा वळलेला चष्मा त्यावर पुरतो. घरात बसल्यावरही पाणी थांबत नसेल, तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न: तापमापक 10 अंश दाखवतो, ऊनही असते, तरीही बाहेर थंडीने हुडहुडी भरते. जाड स्वेटर घालूनही फरक पडत नाही. असे का?

उत्तर: आपले शरीर त्वचेलगतच्या हवेचा पातळ थर गरम करून ठेवते आणि वारा तो थर सारखा उडवून लावतो. ही थंडी मोजण्याचे पहिले प्रयोग अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी केले. आज अमेरिका व कॅनडात वापरले जाणारे सूत्र 2001 मधले आहे. त्यानुसार 10 अंश तापमानात ताशी 30 किलोमीटर वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याला सुमारे 7 अंशांसारखे वाटते. तापमान 5 अंश असेल, तर तोच वारा ते शून्यावर नेतो. हा परिणाम फक्त उष्णता निर्माण करणाऱ्या शरीराला जाणवतो. बाहेर ठेवलेली पाण्याची बाटली वाऱ्यामुळे लवकर गार होईल, पण 10 अंशांच्या खाली जाणार नाही.

जाड स्वेटर निकामी ठरतो, कारण त्याच्या विणीतून वारा सरळ आत शिरतो. त्याच्यावर वारा अडवणारे पातळ जाकीट चढवा आणि स्वेटर वाटल्यास निम्म्या जाडीचा घ्या. चढावर किंवा आडोशाला आल्यावर जाकीट काढता आले पाहिजे. घाम आला आणि त्यावर वारा लागला, तर सगळी तयारी पाण्यात. कान झाकणारी टोपी हवीच आणि ती हनुवटीखाली बांधता येणारी असावी. ओठ फुटत असतील तर ते जिभेने ओले करू नयेत, त्याने ते अधिक सुकतात. आणि गार वाटते म्हणून ऊन सौम्य आहे, असे समजू नये. संपाताच्या, म्हणजे दिवस व रात्र सारखी असण्याच्या सुमारास, उत्तर गोलार्धात 20 मार्चच्या आसपास, सूर्य तितकाच वर असतो जितका सप्टेंबरच्या अखेरीस. त्वचा उन्हाने भाजते आहे, हे वाऱ्याच्या गारव्यामुळे फक्त उशिरा कळते.

प्रश्न: वाऱ्याच्या दिवशी निसर्गात पाहण्यासारखे काहीच नसते, पक्षीही दडून बसतात, असे आमच्या गटातील ज्येष्ठ सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर: पक्ष्यांच्या बाबतीत अर्धे खरे, झाडांच्या बाबतीत अजिबात नाही. हेझल, अल्डर, बर्च, पॉप्लर ही झाडे पाने फुटण्याआधीच फुलतात, कारण त्यांचे परागीभवन वाऱ्यावर चालते आणि पाने असती तर उडणारे पराग त्यांनाच चिकटून वाया गेले असते. हेझलचे नरफुलांचे लोंबते पिवळसर तुरे लांबूनही दिसतात. झोत आला की त्यांतून परागांचा धुरकट पट्टा निघतो आणि क्षणात विरतो. सूर्य समोर ठेवून उभे राहिल्यास तो स्पष्ट दिसतो. मादीफूल मात्र शोधावे लागते. त्याच फांदीवर एखादी साधी कळी असावी असे ते असते आणि तिच्या टोकातून जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे गडद लाल तंतू बाहेर आलेले असतात. फांदी दोन बोटांनी स्थिर धरून भिंगातून पाहावे. एरवी शेकडो वेळा त्या झाडाखालून गेलेल्या माणसालाही हे फूल ठाऊक नसते.

पक्षी दडतात, पण आडोशाच्या बाजूला दडतात, म्हणून तेथेच जावे. कुंपणाच्या किंवा टेकडीच्या वाऱ्याआडच्या उतारावर, जेथे ऊनही पडते, तेथे बाकीच्या सगळ्या परिसरातले पक्षी गोळा झालेले आढळतात. पाण्यावरचे आणि तारांवरचे पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतात, कारण उलटे बसले तर वारा पिसांखाली शिरून ती विस्कटतो. याचा निरीक्षकाला फायदा घेता येतो: वारा आपल्या पाठीवर येईल असे उभे राहिले, तर पक्ष्यांची तोंडे आपल्याकडे असतात. खरूची जातीचा ससाणा हवेत एका जागी थबकून खाली उंदीर हेरतो, ते पाहायचे तर वाऱ्याच्या दिवसासारखा दिवस नाही. पंख आणि शेपटी सतत हलत असतात आणि डोके मात्र जागचे ढळत नाही. कानांवर भिस्त ठेवणाऱ्या पक्षीनिरीक्षकांचा अशा दिवशी विरस होतो, आणि आपल्या ज्येष्ठांचा रोख बहुधा त्याकडे असावा.

प्रश्न: याच दिवसांत मला शिंकांचा त्रास होतो. बाहेर पडणे सोडून द्यावे का?

उत्तर: वर ज्या परागांचे कौतुक केले, तेच आपल्या त्रासाचे कारण असू शकते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी हवेत पराग अधिक असतात आणि चांगला पाऊस पडून गेल्यावर कमी. परागांचा अंदाज प्रसिद्ध होत असेल तर तो पाहावा, चष्मा घालावा आणि घरी आल्यावर कपडे बदलून केस धुवावेत. नुसते तोंड धुणे पुरत नाही, कारण केसांतले पराग रात्री उशीवर उतरतात. दमा असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बेत करावा.

प्रश्न: वारा सुटला की आमची मुले वारा प्यालेल्या वासरांसारखी उधळतात. त्यांना पतंग उडवायला नेले, तर तो वर जातच नाही, गिरक्या घेत खाली येतो. वारा तर भरपूर असतो!

उत्तर: वारा भरपूर असून भागत नाही, तो सलग हवा. झाडे किंवा घरे यांच्या आडून येणारा वारा भोवऱ्यांनी भरलेला असतो आणि त्यात पतंग गिरक्याच घेणार. वारा येतो त्या बाजूला लांबवर काही नसेल, अशी जागा शोधावी. साध्या पतंगाला ताशी 10 ते 30 किलोमीटर वारा पुरे. त्यापुढे तो फाटतो. विजेच्या तारा जवळपास असतील, तर पतंग गुंडाळून मुलांना नुसतेच उधळू द्यावे.

प्रश्न: ऊन असताना अचानक पाऊस कोसळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा ऊन पडते. याची आधी काही खूण मिळते का?

उत्तर: मिळते. या दिवसांत वरची हवा अजून थंड असते आणि जमीन तापलेली असते, त्यामुळे दुपारी सुटे, उंच ढग झपाट्याने वाढतात. वारा ज्या बाजूने येत आहे त्या क्षितिजाकडे अधूनमधून पाहावे. मागच्या बाजूच्या ढगांची काळजी करू नये, ते दूर चालले आहेत. ढगाचा तळ सपाट व काळा होऊन त्याखाली राखाडी पडदा दिसू लागला, की पाऊस तेथवर आला आहे. त्यानंतरची खूण अंगालाच कळते: वारा क्षणभर दबतो आणि मग एकदम गार झोत येतो. पावसाबरोबर खाली उतरलेली थंड हवा ढगाच्या पुढे पसरते, तिचा हा झोत. तो लागला की बहुधा काही मिनिटांचाच अवधी असतो. तेवढ्यात जाकिटाची चेन लावावी, पिशवीचे तोंड बांधावे आणि एखाद्या पक्क्या छपराखाली जावे. एकट्या उभ्या झाडाखाली थांबू नये, कारण अशा ढगांतून कधीकधी वीजही पडते. गडगडाट ऐकू आला असेल, तर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा आणि मगच पुढे निघावे.